माती दिली

माझा मोठा भाऊ किसन याचा दहावा वलगावात पेढी नदीच्या काठी मार्गशीर्ष महिन्यात झाला. त्या दिवशी किसन जिवंत होता आणि चिखलदऱ्याच्या डोंगरावर एका रोपवाटिकेत काम करत होता. या दोन्ही गोष्टींची मी नंतर माणसे भेटून खात्री करून घेतली आहे.

वलगावात ही हकीकत भुताची म्हणून सांगतात. वलगाव सोडून अकोल्या-नागपुराकडे गेलेले लोक ती हसण्यावारी नेतात. मी दोघांसाठी लिहितो. जे पाहिले ते पाहिले म्हणून लिहीन. जे ऐकले ते कोणाकडून ऐकले हे सांगेन.

आम्ही दोघे भाऊ घरून निघालो ते कापसाचे भाव पडल्याच्या दुसऱ्या वर्षी, वैशाखात. आमची माळ्याची बागायत: वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, बांधाला झेंडू. माल अमरावतीच्या बाजारात जाई. कापूस पडला तसे सरकी काढायचे कारखाने, जिन, बंद झाले, जिनातले मजूर घरी बसले आणि भाजी घेणारे हात कमी झाले. एका विहिरीवर बाप, दोन मुलगे आणि मोठ्याची नवी बायको एवढ्यांचे भागेना. अकोल्याच्या मुन्सिपालटीने तेव्हा आपल्या बागेत माळीकामाचा वर्ग काढला. बेकार तरुणांना वर्षभर शिकवायचे, राहायला खोली आणि थोडी खर्ची द्यायची, शेवटी सर्टिफिकेट. ते हाती असले की कुठल्याही शहराच्या बागेत, रेल्वेत, बंगल्यावर काम मिळेल, असे जाहिरातीत होते. गावच्या मास्तरांनी ती देवळापुढे वाचून दाखवली.

निघताना पाया पडायला आम्ही विहिरीवर गेलो. बाप मोट हाकत होता. त्याने बैल थांबवले नाहीत.

"कुठी चाल्ले म्हने?"

"अकोल्याले. बागेत," किसन म्हणाला.

"काय शिकाले?"

"माळीकाम."

"माळ्याच्या पोरायले माळीकाम शिकवाले बामन मास्तर! आता मासोळीले पोहनं शिकवाची एक इस्कूल काढा म्हना." मोट वर आली, पाणी थारोळ्यात पडले, बैल मागे सरकू लागले. "अन् थ्या बागेत पिकते काय?"

"फुलं. गवत."

"गवत! मंग बैलायलेच घिऊन जा ना संग."

मायने भाकरी बांधून दिल्या आणि आठवड्याला एक कार्ड टाकत जा म्हणाली. ते मला होते. मी सातवी पास होतो. किसनला लिहिता येत नव्हते. पारबती वहिनी दाराआड उभी होती. किसन तिच्याशी काही बोलला. काय बोलला ते मला माहीत नाही.

अकोल्याच्या बागेत आम्ही डझनभर तरुण होतो. काळे मास्तर शिकवत. ते जठारपेठेत राहत, शेतकी शाळेत शिकलेले, डोक्यावर टोपी आणि खिशात कायम कात्री. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बागेच्या मधला मोठा तुकडा दाखवला, "एवढा स्वच्छ करून ठेवा," म्हणाले आणि मुन्सिपालटीच्या कचेरीत गेले. आम्ही पाहिले तर सगळा तुकडा हरळीने भरलेला. हरळी म्हणजे शेतकऱ्याचा जन्माचा वैरी. एक कांडी जमिनीत राहिली तरी महिन्याभरात वाफा खाते. आम्ही सगळी शेतकऱ्या-माळ्यांची मुले. खुरपी घेऊन बसलो आणि दुपारपर्यंत मुळासकट सारी काढली, माती झटकून ढीग उन्हात पसरले.

मास्तर आले आणि जागीच उभे राहिले.

"अरे, हिरवळ होती ती! लॉन!"

"नाही मास्तर, हरळी होती," किसन म्हणाला. "एक कांडी ठेवली नाही." त्याच्या बोलण्यात अभिमान होता.

मास्तर बाकावर बसले. आधी कपाळाला हात लावला, मग हसू लागले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पुढे आठवडाभर आम्ही तीच हरळी कांडी-कांडी करून परत लावली. किसन लावता लावता म्हणे, "माह्या बापानं जिंदगीभर हरळी खांदली अन् मी थे लावाचं सर्टिफिकेट घिऊन रायलो."

आम्ही बरेच नवे शब्द शिकलो. लॉन, हेज, कटिंग, बेड. काही जुने शब्द नव्या अर्थाने शिकलो, आणि या हकीकतीत त्यांचाच संबंध आहे. वलगावात वांग्याच्या बुडाशी माती ओढतात त्याला आम्ही भर देणे म्हणतो. मास्तर त्याला माती देणे म्हणत. सकाळी फळ्यावर लिहिलेले असे: शेवंतीला माती देणे. गुलाबाला माती देणे. आमच्या गावात माणूस मेला तरच माती देतात. मयताला जाणे म्हणजे मातीला जाणे.

दुसरा शब्द वर. वर्गाचा शेवटचा भाग चिखलदऱ्याच्या रोपवाटिकेत होई. थंड हवेची झाडे कशी सांभाळायची ते तिथे शिकायचे. मास्तर त्या जागेला नुसते 'वर' म्हणत आणि अकोल्याला 'खाली'. "दिवाळीनंतर पहिल्या तुकडीत वर कोण जाणार?" असे त्यांनी पहिल्यांदा विचारले तेव्हा कारंज्याचा गुलाब नावाचा आमचा सोबती म्हणाला, "मास्तर, मले एवढ्या लवकर वर नका धाडू. माह्यं लगन व्हाचं हाये." सगळे हसले. महिनाभर या शब्दावर हसणे चालले. मग कोणी हसेना. शब्द झिजून कामाचा झाला.

दिवाळीला आम्ही दोघे घरी आलो. किसनला हिवताप भरला होता. तशातही त्याचे मन अकोल्यात ठेवलेल्या शेवंतीच्या कुंड्यांत. पेढीच्या काठची गाळाची माती कुंडीला चांगली, पण ताप अंगात असताना पोते कोण उचलणार? तेव्हा संपतमामा, म्हणजे मायचा भाऊ, म्हणाला, "तू जाय. मी अकोल्याले येईन तवा घिऊन येतो." आम्ही परत गेलो. लगेच काळे मास्तर फुलांच्या प्रदर्शनासाठी निवडक कुंड्या घेऊन नागपूरला निघाले आणि नावाच्या पाट्या लिहायला मला बरोबर घेतले. निघालो तेव्हा किसन खोलीत कांबळ पांघरून पडला होता. "पाट्या नीट लिही. माह्या कुंडीवर माह्यं नाव टाक," एवढे म्हणाला. त्यानंतर मी त्याला पाहिलेले नाही.

नागपुरात पाट्यांचे अक्षर एका छापखान्याच्या मालकाने पाहिले आणि प्रुफे वाचायला माणूस हवा म्हणाला. मास्तरांनी मला बाजूला घेतले. "बागेला हात लागतात. तुझ्याजवळ अक्षर आहे. राहा." मी राहिलो. अशा रीतीने मी झाडांच्या कामासाठी घर सोडले आणि कागदाच्या कामात शिरलो. मास्तर परतले. घरी कार्ड टाकले ते माझ्या नोकरीचे होते. किसनविषयी मला लिहिण्यासारखे काही ठाऊक नव्हते.

पुढचे मी संपतमामा आणि गुलाब या दोघांकडून वेगवेगळे ऐकले. दोघांचे सांगणे जुळते.

मामा मातीचे पोते खांद्यावर घेऊन बागेच्या फाटकाशी आला. आत गुलाब पाणी घालत होता.

"किसना कुठी हाये रे बापू?"

"किसनाभाऊ? थे तं वर गेले."

मामाने पोते खाली ठेवले. "कवा?"

"झाले आठक दिवस. लय ताप होता. मास्तर म्हने नको, तरी गेले."

हे खरेच होते. पहिल्या तुकडीतली जागा सोडली तर सर्टिफिकेट वर्षभर लांबेल, म्हणून किसन अंगात ताप असताना चिखलदऱ्याच्या मोटारीत बसला होता.

मामा खाली बसला. गुलाबला वाटले, ओझ्याने दमला. मग मामाने विचारले, "अन् माती?"

गुलाबने पोत्याकडे पाहिले. "माती तं आमी देल्ली काका. साऱ्यायनं मिळून देल्ली. तुमाले उशीरच झाला."

"लहाना कुठी हाये त्याचा?"

"थो नागपूरले. त्याले कुठी टाइम हाये आता."

मामा उठला. पोते तिथेच ठेवून चालू लागला. गुलाब मागून म्हणाला, "काका, च्या तरी घ्या." मामाने मागे पाहिले नाही. गुलाबने पोते उचलून किसनच्या कुंड्यांपाशी नेऊन ठेवले.

आठ दिवस झाले, असा निरोप वलगावात पोचला, तेव्हा सुतकाचे दोनच दिवस उरले होते. या हिशेबाने सगळे बिघडले. अकोल्याला जाऊन विचारायला वेळ नव्हता. मातीही झालेली होती, मग जाऊन पाहायचे काय? दुसऱ्या दिवशी पारबतीच्या बांगड्या फोडल्या. तिसऱ्या दिवशी बापाने नदीकाठी पिंड ठेवला.

कावळा शिवेना. उन्हे डोक्यावर आली. बाप म्हणाला, "तुह्या बायकोले अंतर देनार नाही." कावळे लिंबावर बसून राहिले. मायने सांगितले, "भावाले पाहू. बापाले पाहू." काकांनी सांगितले, मामाने सांगितले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. बाप मला पुढे म्हणाला, "मले वाटलं, पोरगं रुसून बसलं हाये." ज्याला काही मागायचेच नव्हते त्याला ते सर्वजण दुपारपर्यंत विचारत बसले होते.

गावच्या मास्तरांच्या हातचे, कोपरा फाडलेले, म्हणजे मयताचे, कार्ड मला छापखान्यात मिळाले. मी त्यावर शंका घेतली नाही. मी निघालो तेव्हा त्याला ताप होता. नागपूरहून बडनेऱ्यावरून वलगावला येताना अकोला वाटेत लागत नाही. घरी पोचलो तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. पारबती वहिनीचे कपाळ मी पाहिले आणि मग पाहिले नाही. चार दिवसांनी बाप म्हणाला, "त्याची पेटी अकोल्याले पडली असन. घिऊन ये."

अकोल्याच्या बागेत गुलाब हेज कापत होता. मला पाहून म्हणाला, "लेका, नागपूरचा झाला अन् आमाले इसरला."

मी म्हटले, किसनची पेटी न्यायला आलो.

"कावून? थे तं याच आठवड्यात उतरतीन."

"कोण?"

"किसनाभाऊ. वरून." तो कात्री चालवतच होता. मग त्याने वळून पाहिले. "काय झालं बे?"

मी त्याला विचारले, मामाला काय सांगितलेस? त्याने शब्दाला शब्द सांगितले. सांगता सांगता "माती" या शब्दावर तो अडखळला. त्याने माझे भादरलेले डोके पाहिले. कात्री त्याच्या हातातून पडली.

"मीनं तं शेवंतीचं सांगतलं," तो म्हणाला. "आईची आन, मीनं शेवंतीचं सांगतलं."

त्या दिवशीची गाडी गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी निघालो. वलगावच्या वाटेवर जो भेटेल त्याला मी सांगत होतो, किसन जिता हाये. घरात शिरून मायला तेच सांगितले. माय चुलीपुढे होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाली:

"काल सांजेले आला होता थो. मीनं समजूत घालून धाडला."

दारातला प्रसंग मला पारबती वहिनीने सांगितला. चिखलदऱ्याहून अमरावतीला येणारी मोटार वलगावावरून जाते. किसन मध्येच उतरला. बाप बाजाराला गेला होता. दिवेलागण झाली होती, दार लोटून आतून अडसर घातलेला, कारण दहाव्याला कावळा न शिवल्यापासून माय सांजेला दार लावून घेई. अंगणातून हाक आली, "माय."

मायचा हात थांबला.

"माय, दार उघड. थंडी हाये."

पारबती उठली. मायने तिचे मनगट धरले आणि बसल्या जागेवरून बोलू लागली, "किसना, बापा, पारबतीले आमी अंतर देनार नाही. तुह्या भावाले पाहू. बागायतीत जीव ठिऊ नको. जाय बापा. सुखानं जाय."

मग किसन म्हणाला, "काय म्हनून रायली माय?"

तिने तेच सगळे पुन्हा म्हटले. रागाने नव्हे. नदीकाठी जसे म्हटले होते तसेच, रडत, समजावत. दाराच्या फळ्यांत फट होती. पारबतीला तिच्यातून घोंगडी दिसली. त्याला ती दिसली असावी, असा तिचा अंदाज आहे, कारण दिवा तिच्या तोंडासमोर होता आणि कपाळ मोकळे होते. मग पावले वाजत दूर गेली.

"भुताच्या पायाचा आवाज येत नसते," वहिनी मला म्हणाली. "मीनं सासूले म्हनलंही. थ्या म्हने, गप राय."

मी अकोल्याहून वलगावला येत होतो त्याच दिवशी किसन अकोल्याला पोचला. गुलाबने त्याला सर्व सांगितले, पाय धरले, तुझा भाऊ सकाळीच घरी सांगायला गेला, आता परत जा, म्हणाला. किसनने नकार दिला. आमच्या गावात मानतात की ज्याचा दहावा झाला त्याने घराचा उंबरा ओलांडला तर घरातले एक माणूस जाते. पण गुलाबला त्याने वेगळेच सांगितले. "तिनं मले हाकललं असतं तं मी दार तोडलं असतं. तिनं हाकललं नाही, गुलाब. समजावलं." काळे मास्तरांनी त्याला एक दिवस थांब म्हणून सांगितले, आणि वर्ष पुरे झाले नव्हते तरी सर्टिफिकेट लिहून दिले. ते घेऊन, पेटी उचलून तो स्टेशनकडे गेला. मी परत अकोल्याला आलो तेव्हा खोली रिकामी होती. कुंड्या भिजवलेल्या होत्या.

बापाने अमरावतीहून भटजींना बोलावले. भटजी म्हणाले, शास्त्रात याला मार्ग आहे. असा माणूस पुन्हा जन्माला घालतात. त्याचे जातकर्म करायचे, बारसे करायचे, आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचे. तोवर सुनेने कुंकू लावू नये.

"बारसं करतो," बाप म्हणाला. "पेढे वाटतो. पाळनाही बांधतो. पहिले पोरगं तं आना."

पोरगे सापडले नाही. मी भुसावळ, जळगाव, वर्धा इथल्या बागांना कार्डे टाकली. उत्तरे आली, त्यात तो नव्हता. पारबती वहिनीने भटजींची वाट पाहिली नाही. मी बातमी आणली त्याच आठवड्यात ती कुंकू लावून पाण्याला निघाली. विहिरीवर एकीने विचारले, "हे कुकू मेल्याचं का जित्याचं व माय?" वहिनी म्हणाली, "तुमी पान्याले आल्या ना? पानी भरा. कुकू माह्यं हाये."

आमच्यात विधवेचा पाट लावतात, म्हणजे तिचे दुसरे लग्न करतात. तिला दोन ठिकाणची मागणीही आली. पण किसन मेला म्हणावे तर कुंकू होते, आणि जिवंत म्हणावे तर माणूस नव्हता. तिने माहेरी जायला नकार दिला आणि बापाच्या बागायतीत त्याच्या बरोबरीने राबत राहिली. संपतमामाने त्यानंतर कोणाचा कसलाही निरोप पोचवला नाही. कोणी सांगू लागले तर तो कानावर हात ठेवी.

माय पुढे पाच-सहा वर्षे जगली. दिवेलागणीला ती उंबऱ्याबाहेर, अंगणात येऊन बसे. तो आला तर त्याला उंबरा ओलांडावा लागू नये, म्हणून. थंडीतही बसे. मी सुटीवर गेलो की तिच्याजवळ बसत असे. एकदा म्हणाली, "मीनं त्याले दोनदा सांगतलं. एकदाच सांगतलं असतं तं थो राह्यला असता." मी तिला काय म्हणालो ते आठवत नाही.

छापखान्यातून पेपर निघे; त्यात मी प्रुफांवरून बातमीवर गेलो. लग्न झाले, नागपुरात भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. बदली लिहायची, अपघात लिहायचा, मृत्यू लिहायचा. मृत्यू लिहिताना तो कोणी पाहिला हे मी विचारतो, आणि डेस्कवरचे लोक त्याला माझी खोड म्हणतात. कोणी गाव विचारले तर मी अजून वलगाव सांगतो. माझी मुले नागपूर सांगतात. वलगावात गेलो की लोक "कवा आला?" आणि "कवा चाल्ला?" हे दोन्ही प्रश्न एका दमात विचारतात. मायच्या मातीला मी वेळेवर पोचलो नाही. पोचलो तेव्हा अंगणात तिची बसायची जागा गुळगुळीत दिसत होती आणि दुसऱ्या दिवशी वहिनीने ती सारवून टाकली.

दुसरे युद्ध सुरू झाल्याच्या सुमारास काळे मास्तर माझ्या कचेरीत आले. ते सेवेतून मोकळे झाले होते आणि ओंकारेश्वराला जाऊन आले होते. खांडव्याला गाडी बदलायची होती, वेळ होता, म्हणून स्टेशनाबाहेरच्या बागेजवळ उभे होते. एक शेटजी हिरवळीवरून चालत होता. पलीकडून कोणी ओरडले, "ओ बाप्पा, वाट सोडून गवत कावून तुडवून रायले?"

खांडव्याच्या हिंदी मुलखात ही भाषा ऐकून मास्तर वळले. हातात पाण्याची नळी घेतलेला किसन होता. केस पिकू लागलेले. त्यानेही ओळखले आणि वाकून नमस्कार केला.

मास्तरांनी त्याला विचारले, घरी कळवू का? तो म्हणाला, "त्यायचं रडून झालं हाये मास्तर. पुन्यांदा कायले?" माय गेल्याचे मास्तरांनी सांगितले. त्याने नळी दुसऱ्या वाफ्याकडे वळवली. मग म्हणाला, "मी मेलो तसंच राहू द्या. पारबतीचा पाट लावून द्या म्हना. अजून वय हाये तिचं."

"ती कुंकू लावते रे," मास्तर म्हणाले.

"अजून?"

"अजून."

"कोनं सांगतलं?"

"तुझ्या भावाने. तो आता पेपरात बातम्या लिहितो."

"थो पेपरात असते. खरं असन." नळीचे पाणी एकाच जागी पडत होते, असे मास्तरांनी सांगितले. मग त्यांची गाडी लागली.

मी रजा काढून वलगावला गेलो. बाप आणि वहिनी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होते. मी मास्तरांचे सर्व बोलणे, पुढेमागे न करता, जसेच्या तसे सांगितले. वहिनीच्या हातातली जुडी बांधून झाली. तिने ती टोपल्यात ठेवली.

"थ्यायनं सोताच्या तोंडानं म्हनलं? पाट लावा म्हून?"

"हो. मास्तर खोटे सांगायचे नाहीत."

"मंग त्यायले तोंडावर सांगा लागन," ती म्हणाली. "खांडव्याची गाडी कुठून भेटते?"

बापाने आणखी एक जुडी बांधली. तो आता थकला होता. शेवटी म्हणाला, "जाय. उंबरा त्याले बंद हाये. तुले कोनं बंद केला?"

सोबत कोण जाणार, हा प्रश्न आला. माझी रजा संपत होती. संपतमामा ओट्यावर बसून ऐकत होता. "मी जातो," तो म्हणाला. "पन निरोप सांगनार नाही. थे थीच सांगन."

सोमवारी ते दोघे अमरावतीहून निघाले. बडनेऱ्याला आणि भुसावळला गाडी बदलली. मामा एकटाच परतला. पुढच्या खेपेला मी त्याला विचारले, काय झाले? त्याने पाहिले तेवढेच सांगितले. ते खांडव्याच्या फलाटावर उतरले तेव्हा ऊन होते. वहिनीने नळावर तोंड धुतले, गाठोड्यातला आरसा काढून कुंकू नीट केले. मामाची परतीची गाडी समोर उभी होती. ती म्हणाली, "मामा, तुमी बसा." तो बसला. गाडी हलली तेव्हा त्याला खिडकीतून दिसले: ती बागेच्या फाटकातून आत गेलेली होती, आणि एक माणूस टोपी काढून हातात धरून वाफ्यातून उठत होता.